यंत्राचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. यंत्रांच्या बाबतींत मात्र हा शिष्टाचार पाळून भागत नाहीं. आपल्या खिशांतील मोबाइल फोनसाठीं जो मनुष्य ॲप लिहितो, त्याला, त्या फोनच्या पोटांत कोणत्या कुळाचा प्रोसेसर बसविलेला आहे हें विचारल्यावांचून कित्येकदां एक पाऊलहि पुढें टाकतां येत नाहीं. हा प्रश्न कसा उत्पन्न झाला, तो विचारण्याच्या रीति कशा बदलत गेल्या, आणि उत्तर चुकीचें मिळालें म्हणजे त्याचा भुर्दंड कोणाला पडतो, याची हकीकत मी आज श्रोत्यांस सांगणार आहें.

प्रथम कूळ म्हणजे काय तें पाहूं. प्रोसेसर हा अत्यंत आज्ञाधारक, परंतु तितकाच निर्बुद्ध सेवक होय. त्याला बेरीज करावयास सांगा, तो करील. एक आंकडा या कप्प्यांतून त्या कप्प्यांत ठेवावयास सांगा, तो ठेवील. पण ही आज्ञा त्याला अंकांच्या रूपानेंच द्यावी लागते, आणि कोणत्या अंकाचा अर्थ काय, हें त्याची रचना करणाऱ्यांनीं ठरविलेलें असतें. एका कुळांत ज्या अंकाचा अर्थ 'बेरीज कर' असा आहे, त्याच अंकाचा अर्थ दुसऱ्या कुळांत भलताच असेल, किंवा कांहींच नसेल. ज्याला केवळ बाळबोध अक्षर येतें अशा मनुष्यापुढें पेशवे दप्तरांतील मोडी रुमाल सोडून ठेवला, तर भाषा मराठीच असूनहि त्याला त्यांतलें अक्षर लागत नाहीं. तशीच ही स्थिति. भेद इतकाच कीं, मनुष्य 'मला हें वाचतां येत नाहीं' असें सांगून मोकळा होतो. प्रोसेसर मात्र तीं अक्षरें आपल्याच लिपींतलीं समजून वाचूं लागतो. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम नांवाचा कारभारी मध्यें उभा असतो. तो अनोळखी कागद दारांतूनच परत पाठवितो, आणि एखादी न समजणारी आज्ञा आंत शिरलीच, तर त्या ॲपचा व्यवहार तेथल्या तेथें आटोपतो. फोन वापरणाऱ्याला एवढेंच दिसतें कीं, ॲप उघडलें आणि लगेच मिटलें.

या कुळाला इंग्रजींत 'आर्किटेक्चर', म्हणजे वास्तुरचना, असें भारदस्त नांव आहे. तें रूढ केलें आयबीएम कंपनीच्या लोकांनीं. १९६४ च्या एप्रिलच्या ७ तारखेस या कंपनीनें 'सिस्टीम-३६०' या नांवाखालीं लहानमोठीं सहा यंत्रें एकदम जाहीर केलीं. तोंपर्यंत सामान्य रिवाज असा होता कीं, मोठें यंत्र घेतलें म्हणजे जुन्या यंत्रासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम पुन्हां लिहावयाचे. हीं सहा यंत्रें आंतून निरनिराळीं असलीं, तरी त्यांना आज्ञा एकाच भाषेंतल्या समजत. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाउ आणि फ्रेडरिक ब्रूक्स या तिघांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, यंत्राचें जें रूप प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसतें त्याला 'आर्किटेक्चर' म्हटलें, आणि आंतील तारांची मांडणी ही त्याहून निराळी गोष्ट मानली. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढें पन्नास वर्षांनीं मोबाइलच्या जगांत जो गोंधळ माजला, त्यांतला बराचसा हा भेद विसरल्यामुळेंच माजला.

एका कुळांत पिढ्या वाढूं लागल्या म्हणजे 'कूळ कोणतें' याबरोबर 'पिढी कितवी' हा दुसरा प्रश्न उपस्थित होतो. इंटेल कंपनीचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ सालीं निघाला; १९८२ त ८०२८६, १९८५ त ८०३८६, १९८९ त ८०४८६ अशी त्याची वंशवेल वाढत गेली. मुलाला बापाच्या सर्व आज्ञा समजत, पण मुलाच्या नव्या आज्ञा बापाला समजत नसत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें नवी आज्ञा वापरावी, तर गिऱ्हाइकाचें यंत्र जुनें निघण्याचें भय. न वापरावी, तर नव्या यंत्राची शक्ति वायां जाणार. आणि गंमत अशी कीं, यंत्राला त्याचें नांव विचारण्याची सोयच कोणी करून ठेवली नव्हती!

तेव्हां त्या काळच्या लोकांनीं एखाद्या निष्णात गुप्तहेरालाहि शोभतील अशा युक्त्या काढल्या. प्रोसेसरपाशीं तात्पुरत्या वस्तु रचून ठेवण्याचा एक ढीग असतो, आणि त्या ढिगाच्या टोंकाचा पत्ता एका ठराविक कप्प्यांत लिहिलेला असतो. 'हा पत्ताच ढिगावर ठेव' अशी आज्ञा दिली, तर ८०८६ हा आधीं पत्ता बदली आणि मग बदललेला पत्ता ठेवी. ८०२८६ मात्र मूळचा पत्ता ठेवी. एवढ्या बारीक लकबीवरून बाप कोण आणि मुलगा कोण तें ओळखावयाचें. ८०८६ आणि त्याचा स्वस्त भाऊ ८०८८ यांतील भेद तर याहून सूक्ष्म. दोघांनाहि तंतोतंत त्याच आज्ञा समजत. परंतु पहिला पुढच्या आज्ञांचे सहा बाइट अगोदरच वाचून ठेवी, दुसरा चारच. म्हणून हुषार प्रोग्रॅम चालतां चालतां आपल्याच पुढील आज्ञेंतला एक बाइट बदली आणि यंत्र जुना बाइट पाळतें कीं नवा, हें पाही. जुना पाळला, तर तो आधींच वाचला गेला होता. अर्थात् हा ८०८६. नवा पाळला, तर तो ८०८८. मला या युक्त्यांचें नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. प्रश्न विचारण्याची सोय नसतां केवळ वागणुकीवरून उत्तर काढणें, ही खरी परीक्षा. आणि गंमत म्हणजे, यंत्र या परीक्षेंत खोटें बोलूं शकत नाहीं.

१९९३ सालीं पेंटियम आला आणि त्याबरोबर 'सीपीयूआयडी' ही आज्ञा सार्वत्रिक झाली. ती दिली कीं प्रोसेसर बारा रोमन अक्षरांत आपल्या घराण्याचें नांव सांगे. इंटेलचा असेल तर 'जेन्युइनइंटेल', म्हणजे 'अस्सल इंटेल'. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचा असेल तर 'ऑथेंटिकएएमडी'. याशिवाय आपणांस कोणकोणत्या नव्या विद्या अवगत आहेत, त्यांची यादीहि तो देई. म्हणजे एकाच आज्ञेंत दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळूं लागलीं: तूं कोणाचा, आणि तुला काय येतें? सूज्ञानें दुसराच प्रश्न विचारावा हें उघड आहे. पण जगांत सर्वत्र पहिला प्रश्नच आधीं विचारतात, त्याला येथेंहि अपवाद झाला नाहीं. इंटेलचा स्वतःचा एक कंपायलर होता. मनुष्यानें लिहिलेल्या प्रोग्रॅमचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणें हें त्याचें काम. या कंपायलरनें घडविलेले प्रोग्रॅम आरंभींच प्रोसेसरचें नांव विचारीत, आणि तें 'अस्सल इंटेल' नसेल, तर त्याला ती विद्या येत असली तरीहि संथ वाटेनें नेत. या व इतर अनेक तक्रारींवरून अमेरिकेंतील फेडरल ट्रेड कमिशननें इंटेलवर कारवाई केली, आणि २०१० सालीं झालेल्या तडजोडींत, आमचा कंपायलर दुसऱ्यांच्या प्रोसेसरांना वेगळी वागणूक देऊं शकतो, हें उघडपणें सांगण्याची अट कंपनीला मान्य करावी लागली. नांव विचारण्यांतून केवढा व्यवहार उभा राहतो, याचें हें उदाहरण आहे.

आतां इंग्लंडांत केंब्रिज येथें जाऊं. कारण मोबाइलच्या कुळाचें मूळ तेथें आहे. एकॉर्न या लहानशा कंपनीनें १९८१ सालीं बीबीसीच्या संगणक-साक्षरतेच्या उपक्रमासाठीं 'बीबीसी मायक्रो' हें यंत्र काढलें होतें. पुढच्या यंत्रासाठीं बाजारांतला एकहि प्रोसेसर पसंत पडेना, तेव्हां १९८३ त सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीं स्वतःच एक घडविण्याचें मनावर घेतलें. विल्सनबाईंनीं आज्ञासंच रचला, फर्बर यांनीं आंतील मांडणी केली. धोरण असें कीं, आज्ञा थोड्या आणि साध्या असाव्या, पण त्या झपाट्यानें पार पडाव्या. चिपेला साधें प्लॅस्टिकचें वेष्टन पुरावें, म्हणजे ती स्वस्त पडेल, एवढ्यासाठीं ती फार तापूं नये अशी त्यांची काळजी होती.

२६ एप्रिल १९८५ रोजीं पहिली चिप कारखान्यांतून हातीं आली आणि त्याच दिवशीं चालूं लागली. ती किती वीज खाते हें पाहण्यासाठीं फर्बर यांनीं मापक जोडला, तों कांटा शून्यावर! शोध घेतां असें आढळून आलें कीं, चिपेचा वीजपुरवठ्याचा जोड मुळीं लागलेलाच नव्हता. आजूबाजूच्या भागांकडून संदेशांच्या तारांवाटे जी किंचित् वीज झिरपत होती, तेवढ्यावरच ती बिनतक्रार काम करीत होती. त्या चिपेंत सुमारें २५ हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षीं निघालेल्या इंटेलच्या ८०३८६ मध्यें पावणेतीन लाख. हें सर्व टेबलावरच्या यंत्रासाठीं केलेलें होतें. खिशांत मावणाऱ्या दूरध्वनीची कल्पना त्यांत नव्हती. पण बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला अल्पाहारी सेवक लागतो, आणि तो असा आयता जन्माला येऊन बसला होता.

नोव्हेंबर १९९० मध्यें एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या तिघांनीं मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तिनें स्वतः चिपांचा कारखाना घातला नाहीं. आराखडा तयार करावयाचा आणि तो परवान्यानें विकावयाचा, हा तिचा धंदा. ज्याला पाहिजे त्यानें तो घ्यावा, त्यांत आपल्या सोयीचे भाग जोडावे, नको ते गाळावे आणि चिप बनवावी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नोकियाच्या ६११० या फोनांत आर्मचा प्रोसेसर आला, आणि तेथून पुढें मोबाइलच्या धंद्यांत या कुळाचेंच राज्य झालें. इंटेलपाशींहि 'एक्सस्केल' या नांवानें आर्म कुळांतल्या चिपा होत्या. परंतु तो धंदा तिनें २००६ सालीं मार्व्हेल कंपनीला ६० कोटि डॉलरांस विकला. पुढच्याच वर्षीं आयफोन बाजारांत आला, आणि त्यांत प्रोसेसर होता आर्मचा! विकणाऱ्याच्या पश्चात्तापाची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

परवान्याच्या या पद्धतीमुळें कूळ एक, पण शाखा पुष्कळ, अशी स्थिति झाली. कोणा चिपेंत दशांश अपूर्णांकांचें गणित करणारा भाग आहे, कोणांत नाहीं. कोणांत चित्र व ध्वनि यांसाठीं अनेक आंकड्यांवर एकदम काम करणारा 'निऑन' नांवाचा विभाग आहे, कोणी तो खर्चासाठीं गाळलेला. शिवाय इंटेलच्या 'सीपीयूआयडी' सारखी मोकळी सोय येथें नव्हती. आपली ओळख सांगणारा कप्पा आर्मच्या प्रोसेसरांत आहे; परंतु तो उघडण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमचा, सामान्य ॲपला तेथें मज्जाव. त्यामुळें ॲपला यंत्राशीं थेट बोलतां येत नाहीं. कारभारी जें सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

अँड्रॉइडच्या कर्त्यांनीं आरंभीं या कटकटींतून अंग काढून घेण्याचा यत्न केला होता. अँड्रॉइडचा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्यें अमेरिकेंत विकावयास आला. त्याच्यासाठीं लिहिलेलें ॲप कोणत्याहि प्रोसेसरच्या भाषेंत नसे. तें एका काल्पनिक यंत्राच्या भाषेंत असे, आणि 'डाल्विक' नांवाचा दुभाषी प्रत्येक फोनवर त्याचा अर्थ लावून सांगे. कूळ विचारण्याची गरजच उरूं नये, अशी ही योजना मोठी शहाणपणाची होती. पण दुभाष्यामार्फत बोलणें म्हणजे वेळ लागणारच. खेळ लिहिणारे, चित्रपट दाखविणारे, आवाजावर संस्कार करणारे लोक कुरकुरूं लागले. त्यांच्यापाशीं दुसऱ्या भाषांत लिहिलेला जुना प्रोग्रॅमांचा सांठाहि होता. तेव्हां जून २००९ मध्यें गूगलनें 'एनडीके' नांवाचें साधन दिलें. त्यानें ॲपचा कांहीं भाग थेट प्रोसेसरच्या भाषेंत लिहितां येऊं लागला. आणि दारांतून घालविलेला कुळाचा प्रश्न खिडकीवाटे पुन्हां घरांत आला.

व्यवस्था अशी ठरली. ॲपच्या गठ्ठ्यांत प्रत्येक कुळासाठीं निराळा कप्पा ठेवावयाचा आणि त्यावर ठराविक नांव लिहावयाचें: 'आर्म-ईएबीआय' हें जुन्या आर्मसाठीं, 'आर्म-ईएबीआय-व्ही-७ए' हें सातव्या पिढीच्या आर्मसाठीं, २०११ त इंटेलसाठीं 'एक्स-८६' आणि २०१२ त 'मिप्स' हीं नांवें त्यांत आलीं. हें नांव केवळ आज्ञासंचाचें नव्हे. आंकडे कोणत्या कप्प्यांतून एकमेकांस द्यावयाचे, ढीग कसा रचावयाचा, इत्यादि रीतिरिवाजहि त्यांत अंतर्भूत असतात. कारण दोघांची भाषा एक असली तरी देण्याघेण्याची रीत भिन्न असेल, तर व्यवहार जमत नाहीं. ॲप फोनवर बसवितांना ऑपरेटिंग सिस्टीम आपल्याजोगा कप्पा निवडते. ॲपलाहि चौकशी करावयाची असेल, तर 'सीपीयू-एबीआय' या नांवानें उत्तर मिळे.

कागदावर ही व्यवस्था चोख होती. व्यवहारांत तिचा पहिला तडाखा गरिबांच्या फोनला बसला. २०११ च्या सुमारास आपल्याकडे अनेक तरुणांनीं जे आपले पहिले स्मार्टफोन घेतले, त्यांतले सॅमसंगच्या 'गॅलक्सी वाय' सारखे स्वस्त फोन सहाव्या पिढीच्या आर्मवर चालणारे होते. महागड्या फोनांत सातवी पिढी आली होती. अडोबी कंपनीचा अँड्रॉइडवरील फ्लॅश प्लेअर सातव्या पिढीखालीं चालत नसे. फायरफॉक्स हा ब्राउझरहि आरंभीं तिच्यासाठींच होता, आणि सहाव्या पिढीला तो २०१२ च्या नोव्हेंबरांत मिळाला. दुकानांत दोन्ही फोनांच्या पेटीवर 'अँड्रॉइड' हेंच नांव. विकत घेणाऱ्याला आंतली पिढी कोण सांगणार? त्याला एवढाच अनुभव कीं, मित्राच्या फोनवर जें मिळतें, तें आपल्या फोनवर 'तुमच्या उपकरणाशीं विसंगत' म्हणून नाकारलें जातें.

नकार मिळणें हें एका परीनें बरें. खोटा होकार अधिक घातक. एनव्हिडिया कंपनीची 'टेग्रा-२' ही चिप सातव्या पिढीची होती, आणि २०११ च्या मोटोरोला 'झूम' सारख्या मोठ्या टॅबलेटांत ती बसविलेली होती. तिच्यांत वर सांगितलेला निऑन विभाग मात्र नव्हता. सातव्या पिढीच्या नियमांप्रमाणें तो ऐच्छिकच होता. ज्यांनीं 'पिढी सातवी, म्हणजे निऑन असणारच' असें गृहीत धरून ॲप लिहिलें, त्यांचीं ॲपें या महागड्या टॅबलेटांवर पहिल्याच निऑन आज्ञेला कोसळत. कूळ बरोबर, पिढी बरोबर, तरीहि उत्तर चूक! म्हणून एनडीकेबरोबर एक लहानशी लायब्ररी देण्यांत आली. तिचें काम हेंच कीं, नांवावर न जातां 'निऑन आहे काय?' असें थेट विचारावें. ही लायब्ररी आपली माहिती लिनक्सच्या '/प्रॉक/सीपीयूइन्फो' या चोपडींतून वाचून काढी. मनुष्यानें डोळ्यांनीं वाचावी म्हणून लिहिलेली ही चोपडी. तींतील मजकुराची मांडणी यंत्रागणिक बदले, आणि तिच्यावर विसंबणाऱ्या ॲपांची त्रेधा उडे.

याच सुमारास एक चमत्कारिक पाहुणा आला, आणि तो प्रथम भारतांतच आला. २३ एप्रिल २०१२ रोजीं लाव्हा कंपनीनें 'झोलो एक्स-९००' हा फोन सुमारें २२ हजार रुपयांस विक्रीस काढला. इंटेलचा एक्स-८६ कुळाचा प्रोसेसर असलेला जगांतील हा पहिला अँड्रॉइड स्मार्टफोन. अँड्रॉइडच्या बाजारांतील जवळजवळ सारीं ॲपें आर्मच्या भाषेंत. हा फोन एक्स-८६ कुळाचा. मग तीं यावर चालावीं कशीं? इंटेलनें एका प्रख्यात जादूगाराच्या नांवाशीं जुळणारा 'हूडिनी' नांवाचा दुभाषी त्यांत बसविला. तो आर्मच्या आज्ञा चालतां चालतां एक्स-८६ मध्यें उतरवी. आतां या फोनला कूळ विचारलें, तर तो दोन नांवें सांगे: पहिलें 'एक्स-८६', दुसरें आर्मचें. या उत्तराला खोटें म्हणतां येणार नाहीं. कारण प्रश्न 'तूं कोण' असा नसून 'तूं कोणती भाषा चालवून घेशील' असाच मुळीं होता. पण ज्या ॲपांनीं दुसरें नांव वाचून फोनला आर्म समजलें, तीं विनाकारण दुभाष्याच्या वाटेनें गेलीं, संथ चालली, आणि बॅटरी खात बसलीं. पुढें असूसच्या झेनफोनांतहि इंटेलच्या चिपा आल्या. शेवटीं २०१६ च्या वसंतांत इंटेलनें फोनच्या नव्या चिपांचे बेत सोडून दिले. मिप्सचा तर फोनच्या बाजारांत जम कधीं बसलाच नाहीं. २०१८ त एनडीकेच्या १७ व्या आवृत्तींतून मिप्स आणि जुना 'आर्म-ईएबीआय', दोन्ही नांवें एकदम काढून टाकण्यांत आलीं. सहाव्या पिढीच्या फोनांचें दार तेव्हां कायमचें बंद झालें. त्याबद्दल कोणीं फारसें हळहळल्याचें ऐकिवांत नाहीं.

मोठी उलथापालथ झाली ती ६४ बिटांची. ३२ बिटांच्या प्रोसेसरला स्मृतीचे पत्ते मोजावयास ४२९ कोटींहून थोडे अधिक अंक मिळतात; म्हणजे चार गिगाबाइटांपुढचें एका ॲपला दिसतच नाहीं. आर्मनें ऑक्टोबर २०११ मध्यें आठवी पिढी जाहीर केली. तिचा ६४ बिटांचा आज्ञासंच जुन्याची नुसती वाढ नव्हता, तर नव्यानें लिहिलेली लिपि होता. जुने प्रोग्रॅम चालावे म्हणून चिपेंत जुनी लिपि वाचण्याची सोय निराळी ठेवावी लागे. सप्टेंबर २०१३ मध्यें ॲपलनें आयफोन-५एस मध्यें असा प्रोसेसर घातला. क्वालकॉम या मोठ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्यानें त्याला जाहिरातबाजीची क्लृप्ति म्हणून हिणविलें. थोड्याच दिवसांत कंपनीला तें मत मागें घ्यावें लागलें.

अँड्रॉइडनें नोव्हेंबर २०१४ मध्यें पांचव्या आवृत्तीबरोबर चौकशीची रीत बदलली. एक-दोन नांवांऐवजीं 'सपोर्टेड-एबीआयज' नांवाची पसंतीच्या क्रमानें लाविलेली यादी मिळूं लागली, आणि 'सीपीयू-एबीआय' हें जुनें उत्तर कालबाह्य ठरविण्यांत आलें. या यादीचा खरा अर्थ पुष्कळांना कळला नाहीं, आणि माझ्या मतें सर्व विषयांतलें मर्म येथेंच आहे. यादी प्रोसेसरला काय येतें तें सांगत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टीम काय चालवून घेईल तें सांगते. पुष्कळ स्वस्त फोनांत प्रोसेसर ६४ बिटांचा असतो, परंतु स्मृति वांचविण्यासाठीं कारखानदार त्यांवर ३२ बिटांची ऑपरेटिंग सिस्टीम बसवितात. पेटीवर '६४ बिट' असें ठळक छापलेलें, आणि यादींत मात्र ६४ बिटांचें नांवच नाहीं! अशा फोनला एखाद्या ॲपनें त्याच्या चिपेच्या नांवावरून ओळखून ६४ बिटांचा भाग दिला, तर तो उघडणें शक्य नाहीं. पेटीवरचा मजकूर खरा, यादीहि खरी; चूक प्रश्न विचारणाऱ्याची.

दुसरी एक अडचण तर दररोजच्या अनुभवाची. ॲप लिहिणारा सर्वच भाग स्वतः लिहीत नाहीं. नकाशा एकाचा, चित्रफीत दाखविणारा भाग दुसऱ्याचा, अशा उसन्या लायब्रऱ्या तो गठ्ठ्यांत बांधतो. त्यांतली एक ६४ बिटांची आणि दुसरी केवळ ३२ बिटांची असली, तर काय व्हावें? ऑपरेटिंग सिस्टीम यादींतलें पहिलें नांव घेते, त्या नांवाचा कप्पा गठ्ठ्यांत आहे असें पाहते, आणि सर्व ॲपच ६४ बिटांचें ठरविते. एका घरांत दोन लिपि चालत नाहींत. मग चालतां चालतां दुसरी लायब्ररी मागितली जाते. ती ६४ च्या कप्प्यांत नसते, आणि ॲप कोसळतें. ती शेजारच्याच कप्प्यांत पडलेली असते; पण तिकडे पाहण्याची परवानगी नाहीं. याचा उलगडा एकदां झाला म्हणजे सोपा वाटतो. तोंपर्यंत 'माझ्या फोनवर चालतें, गिऱ्हाइकाच्या फोनवर कां नाहीं' म्हणून किती लोकांनीं रात्रीं जागविल्या असतील, त्याची गणती नाहीं.

जुन्या लिपीचा अंत ॲपलनें एका फटक्यांत केला. सप्टेंबर २०१७ मध्यें आयओएसची ११ वी आवृत्ति आली आणि ३२ बिटांचीं सर्व ॲपें तिच्यावर चालेनाशीं झालीं. त्यांत असे कितीतरी खेळ होते कीं, ज्यांच्या कर्त्यांनीं तो धंदाच सोडला होता. ते पैसे देऊन घेतलेले असूनहि लोकांना अंतरले. छापील पुस्तकाचा कर्ता वारला तरी पुस्तक कपाटांत राहतें. या कलाकृतींच्या नशिबीं तेवढेंहि नाहीं. गूगलनें हेंच सावकाश केलें: १ ऑगस्ट २०१९ पासून तिच्या दुकानांत ३२ बिटांबरोबर ६४ बिटांचा भाग देणें भाग पडलें, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें तिचा पिक्सेल-७ हा फोन केवळ ६४ बिटांचीं ॲपें चालविणारा म्हणून निघाला.

मध्यंतरीं चौकशीचें ओझेंहि ॲप लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून बरेंचसें उतरलें. २०१८ त गूगलनें 'ॲप बंडल' ही पद्धति काढली. ऑगस्ट २०२१ पासून तिच्या दुकानांतील नव्या ॲपांना ती सक्तीची झाली. तींत लेखक सर्व कुळांचे कप्पे दुकानाच्या स्वाधीन करतो आणि दुकान फोनची यादी पाहून त्याच्याजोगा तेवढाच कप्पा पाठवितें. त्यानें फोनवरची जागा वांचते, डेटा वांचतो. पण मित्राच्या फोनवरून ॲप उचलून आपल्या फोनवर टाकण्याची जी घरगुती देवघेव आपल्याकडे सर्रास चालते, तिला यामुळें नवेंच विघ्न आलें आहे: मित्राच्या फोनवर त्याच्याच कुळाचा कप्पा उतरलेला असतो.

आतां नांवांची संख्या घटली. जवळजवळ प्रत्येक नवा चांगला फोन 'आर्म-६४-व्ही-८ए' हें एकच नांव यादीच्या आरंभीं सांगतो, आणि चौकशीचा प्रश्न मिटला असें कित्येकांना वाटलें होतें. परंतु २०२४ च्या अँड्रॉइड-१५ मध्यें स्मृतीचीं पानें ४ ऐवजीं १६ किलोबाइटांचीं असण्याची मुभा दिली गेली. मोठीं पानें घेतलीं म्हणजे पत्त्यांचा हिशेब थोडा राहतो आणि फोन किंचित् चपळ होतो. पण चार किलोबाइटांच्या मापानें बांधलेली लायब्ररी अशा फोनवर नीट बसत नाहीं. म्हणून १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगलच्या दुकानांत, अँड्रॉइड-१५ व त्यापुढील आवृत्त्यांसाठीं लिहिलेल्या नव्या ॲपांना दोन्ही मापें चालवून घेण्याची अट लागू झाली. यादींतलें नांव मात्र दोन्ही प्रकारच्या फोनांवर अक्षरशः तेंच आहे; पानाचें माप हवें असेल, तर तें ऑपरेटिंग सिस्टीमला निराळें विचारावें लागतें.